मोटरीची हळद

(राजापेठ, अमरावती. १९६२ सालच्या वैशाखातली दुपार. लिंबाच्या सावलीत देवमन मिस्त्रीचं गॅरेज. बॉनेट उघडलेली एक जुनी मोटर. तिचे मालक किसनराव आणि त्यांच्या पत्नी पार्बताबाई.)

किसनराव : चौदा वर्सांपासून तुले सांगून राहिलो, बाकी काईबी खोल, रेडिएटरले हात नोको लावू. आन आज मी चहा प्याले काय गेलो, तू तो खोलून जमिनीवरच ठेवला.

देवमन : अकरा मैल बैलांनी ओढत आणली तुमी गाडी. रेडिएटर नाही खोलू तं काय बैलाईचे खुर पाहू?

किसनराव : हास गड्या, तूबी हास. भातकुलीच्या स्टँडावर यष्टीच्या कंडक्टरनं मुद्दाम घंटी वाजवली. पुढं महादेवरावाचे बैल, मागं मी स्टेरिंग धरून, जसा काई मीच चालवून राहिलो. अठरा वर्सं मोटर हाकली आन काल बैलाईच्या शेपट्या पाहत अमरावतीत शिरलो.

पार्बताबाई : मी म्हनलंच होतं, चिठ्ठी पाठवा, मिस्त्रीच गावाले येतीन. पन तुमाले दम कुठी. भाकर खाऊन घ्या आंधी. सकायपासून पोटात काई नाई.

किसनराव : भाकर गेली खड्ड्यात. आठ दिवसांवर लगन हाये पोरीचं, वच्छीचं.

देवमन : वयनी, भाकर मंग. पहिले दोघंही इकडे या. किसनभाऊ, चश्मा लावा. या तोंडातून आत पाहा. काय दिसते?

किसनराव : पिवयं.

देवमन : हळद आहे. तळापासून गळ्यापर्यंत नुसती हळद, वाळून सिमेंट झाली. पाण्याले फिराले सुईएवढी जागा नाही. पाणी नाही फिरलं म्हणून इंजिन तापलं. तापत राहिलं, तुमी चालवत राहिले. शेवटी ब्लॉक तडकला. बोट द्या इकडे. ही चीर. लागली?

किसनराव : लागली.

देवमन : नख जाते तीत. रेडिएटर गळला तं चिमूटभर हळद टाकतात, हे मलेही माहीत आहे. फौजेत आमीही टाकत होतो. गळती थांबते. पण चिमूटभर, किसनभाऊ. इथं तं पोत्यानं हळद आहे.

किसनराव : पयली चिमूटभरच होती गा. सत्तेचायीसचं साल असन. रामराव पाटलाच्या पोरीची पाठवनी. पेढी नदीच्या काठी आलो तं रेडिएटर गयाले लागला. बाशिंग बांधलेला नवरदेव उन्हात उभा, नवरी घामानं निथयून राहिली, आन मी मोटरीखाली उताना. म्हनलं, गेली आता इज्जत. पाटलाची आत्या होती संगं, गंगूबाई. ते बाई उतरली, नवरीच्या ओटीतली हयदीची पुडी काढली आन मले म्हने, मानसाच्या जखमेले लावतो ना आपन, मंग इच्या जखमेले काहून नाई? टाकली टोपन खोलून. आन थांबली ना गयती!

पार्बताबाई : ते पोरगी पुढच्या साली जुयी लेकरं घेऊन माहेराले आली, दोन्ही पोट्टे. मंग काय पाहता! गावोगाव झालं का किसनाच्या मोटरीले हयद लागते.

किसनराव : मांडवातून वरात निघाच्या आंधी नवरीची माय वाटी घेऊन ये. मी टोपन खोलो, ते टाके. मले काय कयत नव्हतं का, हे जास्त होऊन राहिलं म्हनून? पन रडून रडून डोये सुजलेल्या बाईले मी कोन्या तोंडानं सांगू का बाई, वाटी वापस ने, पाईप बुजते?

देवमन : तिले नसतं सांगतलं. मले तं धुऊ दिलं असतं. दर साली म्हटलं, गाडी तापते, रेडिएटर खोलतो. दर साली तुमचं एकच.

किसनराव : धुऊन कुठी टाकला असता? या तुह्या मोरीत? नांदाले गेलेल्या पोरीईची हयद मोरीत सोडाची? आन त्यातल्या एखादीचं काई वंगाय झालं असतं मंग? लोकं नंतर म्हनले असते, मीच जन्मभर म्हनलो असतो.

देवमन : ब्रेक मी बांधले. क्लच मी बदलला. मागचा ॲक्सल घासून बसवला. ज्या दुखण्यानं ते मरून राहिली, तेवढंच तुमी मले पाहू नाही दिलं.

पार्बताबाई : नाडी दाखवाची नाई आन औषीद मागाचं. यायची सवयच हाये ते. सोताच्या डोयाचंबी तसंच करून राहिले.

किसनराव : डोयाचं मधात नोको आनू तू.

पार्बताबाई : नाई आनत. दिसते ते दिसते.

किसनराव : शंभराच्या वर लगनं असतीन देवमन. दीडशे म्हन. वलगावपासून अंजनगावपर्यंत. ज्या पोरीईले मी पोचवलं, त्याईच्या पोरी आता लगनाच्या झाल्या. एवढ्या लोकाईची हयद हाये याच्यात. आन मजा पाहाय, माह्या मान्कीची आन दुर्गीचीच तेवढी नाई.

पार्बताबाई : हाये.

किसनराव : काय हाये?

पार्बताबाई : त्या दोघीईचीबी हाये.

किसनराव : येडी झाली का? मान्कीच्या लगनाच्या दिवशी मोटर देवराव देशमुखाकडं गेलती. बयाना घेऊन बसलो होतो मी. दुर्गीच्या वक्ती अंजनगावले, पानमयेवाल्याच्या घरी. दोघीबी रेंगीत बसून गेल्या, महादेवरावाचेच बैल होते. माह्या पोरी या मोटरीत बसल्या कवा?

पार्बताबाई : नाई बसल्या. मले सांगू नोका, मी तठीच होती. दुर्गी रेंगीतून मागं वयून वयून पाहे, बाबाची मोटर येते का म्हनून. तुमी तिसऱ्या पहारी आले आन धूय झटकून झोपले. तवा मी गेली वाटी घेऊन. मान्कीच्या वक्तीबी तसंच केलं होतं. मनात म्हनलं, पोरी नाई बसल्या तं नाई, हयद तं बसन.

किसनराव : मले सांगतलं नाई कवा.

पार्बताबाई : इचारलं कवा तुमी?

देवमन : किसनभाऊ, बसा जरा. त्या टायरवर बसा. पाणी देऊ का?

किसनराव : नोको. सांग आता. सरय सांग. नवा ब्लॉक टाकता येते का नाई?

देवमन : छत्तीस सालची गाडी. नवा ब्लॉक कोण बनवते आता?

किसनराव : जुना तं भेटन? केशवराव म्हने, अकोल्याले भंगारवाल्याकडं अशीच मोटर पडली हाये.

पार्बताबाई : केशवराव म्हंजे आमच्या मान्कीचे मालक. अकोल्यालेच राहतात ते.

देवमन : माहीत आहे मले. मागच्या महिन्यात एका कामानं अकोल्याले गेलतो तं ते गाडी पाहून आलो. तिच्याही ब्लॉकले चीर आहे. फरक एवढाच, तिच्यात हळद नाही.

किसनराव : मंग केशवराव म्हनते ते जीपच घ्या लागते. मिल्ट्रीची हाये. ही मोटर द्या, वरून काई घाला, जीप घेऊन जा.

देवमन : जीप चांगली आहे. मी चालवली आहे फौजेत. डोंगर चढते.

किसनराव : डोंगर कुठी हाये आपल्याकडं? आन त्यात नवरी बसवाची? दोन्ही बाजूनं उघडी, मधात पोरगी शालू नेसून. लोकं म्हनतीन पोलिसानं धरून नेली.

पार्बताबाई : भाड्याची आना ना मंग. बडनेऱ्याले त्या सरदारजीच्या दोन-दोन मोटरी उभ्या असतात. नव्या हायेत. मी कवाची सांगून राहिली.

किसनराव : अकरा गावं मले मोटरवाला किसन म्हनतात. माही पोरगी दुसऱ्याच्या मोटरीत वाटे लावू? दोघी गेल्या रेंगीत ते काय कमी झालं? तवा म्हनलं होतं मी वच्छीले, चार वर्साची होती, दुर्गीच्या मागं रडत धावली होती, तिले उचलून म्हनलं, तुह्या लगनात मोटर कोनालेच देनार नाई. आपल्या दारात उभी राहीन. ते अजून धरून बसली हाये ते. परवा मोटर बंद पडली तं निस्ती फडकं घेऊन काच पुसत बसली. ते पाहून मले…

पार्बताबाई : खा ना वो भाकर. दोन घास तं खा.

किसनराव : खरं सांगू देवमन? थकलो गा. डोयाचं म्हनते ते खरं हाये, संध्याकायी समोरचा बैल म्हैस दिसते. हँडल मारलं का खांदा रातभर ठनकते. यष्टी झाली तवापासून सवारीबी कोन येत नाई, लगनाचंच तेवढं राहिलं होतं, आन लगनवाल्याईलेबी आता नवी मोटर लागते. मले जीप नोको, ब्लॉक नोको, काईच नोको. वच्छी या मोटरीतून गेली का मी सुटलो. मंग मोटर तठीच पडू दे. कोंबड्या बसू दे तिच्यात. पन कोनाकोनाले नाई नेलं सांग मी इच्यातून? पाटील नेले, देशमुख नेले, बायंतिनी नेल्या, साप चावलेले नेले. सारं गाव बसलं. आन माही पोरगीच तेवढी…

देवमन : सारं गाव नाही बसलं, किसनभाऊ.

किसनराव : मंग? कोन राहिलं?

देवमन : आमचा मोहल्ला.

किसनराव : आता ते जुन्या गोष्टी… तवाचा काय जमानाच तसा होता. आता तं तुमी सगये बौद्ध झाले, छप्पनपासून.

देवमन : झालो. आता आमच्या लग्नात हळद नाही. पण होती तवाही तुमच्या टाकीत नव्हती.

किसनराव : तुले तं नेलं होतं मी! ध्यान कर. बडनेऱ्याहून नेलं होतं. फौजेतून आला होता तू.

देवमन : ध्यान आहे. सेहेचाळीसचा श्रावण. अंगावर वर्दी, पेटी, बिस्तरा. स्टेशनबाहेर तुमीच हाक मारली. म्हणे, ये गा देवमन, बस, तुह्या वर्दीनं माह्या मोटरीची शान वाढन.

किसनराव : म्हनलं होतं! पाहाय. आन बसवलं का नाई?

देवमन : बसवलं. नाल्यापर्यंत.

पार्बताबाई : म्हंजे?

देवमन : गाव अर्धा मैल राहिलं होतं वयनी. नाल्याच्या रपट्यावर गाडी थांबली. किसनभाऊ म्हणे, देवमन, पुढं चढ आहे, वझं होते, तू उतर. गाडीत सहा जण होते. उतरलो मी एकटा.

पार्बताबाई : वच्छीचे बाप, हे खरं हाये का?

किसनराव : रामराव पाटील बसला होता गाडीत.

देवमन : बसला होता. पण तो काही बोलला नव्हता. तुमीच बोलले.

किसनराव : तो म्हनन म्हनून… गावात शिरल्यावर चार लोकं म्हनतीन म्हनून. मोटर नवी नवी घेतलेली, त्याईच्याच लगनाच्या भाड्यावर पोट. बाटली म्हनले असते तं कोन बसलं असतं?

देवमन : हाव. मले समजलं होतं ते. तवाच समजलं होतं. म्हणून काही म्हटलं नाही. चिखल भलताच होता. पेटी डोक्यावर घेतली, बूट हातात घेतले. बूट सरकारी होते, खराब होतीन म्हणून. माह्या मोठ्या भावानं, डोमाजीनं, वावरातून आडवाटेनं धावत येऊन मायेले सांगतलं होतं का देवमन मोटरीत बसलेला दिसला. ते पाटलाच्या ओट्यापर्यंत धावत आली होती. मोटर थांबली, एक एक करून सगळे उतरले. माय आत वाकून पाहे.

पार्बताबाई : अवो माय.

देवमन : मी अर्ध्या घंट्यानं पोचलो. माय म्हणे, तू मोटरीत होता ना? म्हटलं, होतो. मधात जरा पाय मोकळे कराले उतरलो.

पार्बताबाई : आन म्हनून तुमी… मोटर दुरुस्त झाली का चालवून पाहाले दर वक्ती नाल्यापर्यंत नेता आन तठून फिरवता. पाटलाच्या मयातून दिसे मले. मी यायले म्हने, मिस्त्री गावात येऊन चहा काहून नाई घेत?

देवमन : सवय पडली वयनी. दुसरं काही नाही.

किसनराव : मले वाटे, गरम कराले तेवढा रस्ता पुरते म्हनून.

देवमन : तेही होतंच.

किसनराव : मंग चौदा वर्सं माही मोटर काहून बनवली तू? दुसऱ्या कोनाकडं धाडलं असतं तं गेलो असतो मी.

देवमन : मोटरीनं काय केलं होतं?

पार्बताबाई : घ्या. आता खा भाकर. नाई तं मी कुत्र्याले टाकतो.

देवमन : ऐका किसनभाऊ. झालं ते झालं, मले त्याचं भाषण नाही कराचं. पोरीचं लग्न आठ दिवसांवर आहे. मी तुमाले गाडीचं सांगतो. दुरुस्ती नाही होत. कोणी म्हटलं का दुरुस्ती होते, तं तो खोटं बोलते. पण चिरीवर पितळेची पट्टी बसवून, वरून स्क्रू कसून, मी एक फेरी काढून देतो. एकच.

किसनराव : किती मैलाची?

देवमन : वच्छीचं सासर भातकुलीले ना? तुमच्या मांडवापासून चार मैल. तेवढी जाईन. अठून गावापर्यंत पुन्हा बैलानंच न्या, इंजिन लावू नका. उगाच मिजास करसान आन रस्त्यात संपवसान.

किसनराव : नाई लावत.

देवमन : आन रेडिएटर धुवा लागन. हे सगळं काढा लागन.

किसनराव : …सगयं?

देवमन : सगळं. नाही तं चार फर्लांगही नाही जाणार.

पार्बताबाई : काढा. तेलाचा रिकामा डबा द्या मले एक, त्याच्यात भरून नेतो मी. वांग्याच्या वाफ्यात घालीन. मोरीत नाई जानार, आता तं झालं? मान हालवा वो, हो म्हना.

किसनराव : काढ.

देवमन : अजून एक. पट्टीतून पाणी झिरपन. दर मैलाले थांबून पाणी टाकाचं. गरम टोपण खोलणं आहे, वाफ तोंडावर येते. मागच्या साली तुमचा हात भाजला, अजून मूठ वळत नाही नीट. तुमचं काम नाही ते.

किसनराव : मंग कोनाचं?

देवमन : ज्याले हे इंजिन माहीत आहे त्याचं. वच्छी फराक घालून अठी येई तुमच्या संगं, माहे पाने ओळीनं लावून ठेवे. देवमनकाका, बारा नंबर हरवला म्हणे. तिच्यासाठी मी येतो. पण तुमी इचार करा. पुढच्या सीटवर बसा लागन मले, डबे पायाशी घेऊन. मागं नवरदेव-नवरी, करवली. माह्या हातचं पाणी मोटरीले चालते. तुमच्या पाव्हण्याईले चालन का, ते तुमी पाहा.

किसनराव : पाव्हने जुन्या वयनाचे हायेत जरा. नवरदेवाचा आजा तं…

देवमन : म्हणूनच म्हणतो. त्याचाही रस्ता आहे. मी गावात येत नाही. डबे घेऊन नाल्यावर उभा राहतो. मांडवापासून नाल्यापर्यंत अर्धा मैल, तेवढ्यानं गाडी तापत नाही. तठून बसतो. मांडवात कोणाले दिसणार नाही, तुमालेही कोणाले काही सांगा नाही लागणार.

किसनराव : तसंबी होईन मंग.

पार्बताबाई : काय होईन?

किसनराव : तो सोताच म्हनून राहिला ना.

पार्बताबाई : तो म्हनन नाई तं काय करन? तुमी तोंडात दही धरून बसले. वच्छीचे बाप, तुमच्या बयान्यापायी दोन पोरी रेंगीत घातल्या मी. कवा तोंडातून शब्द काढला? नाई काढला. आता काढतो. या तिसरीच्या वक्ती पुढच्या सीटवर कोन बसन आन कुठून बसन, ते नवरदेवाचा आजा नाई ठरवनार. मिस्त्री मांडवात येतीन, आमच्या पंगतीत जेवतीन आन तठून बसतीन. नाई तं वच्छी रेंगीतच जाईन. तिले मी सांगतो, तुहा बाप पुन्हा नाल्यावर थांबला म्हनून.

किसनराव : हयू बोल. लोकं पाहून राहिले.

पार्बताबाई : पाहू दे. आयुष्यभर लोकंच पाहात आले तुमी.

देवमन : वयनी, राहू द्या. माह्यापायी नवऱ्या-बायकोत नको. मले खरंच काही नाही आता त्याचं. सोळा वर्षं झाली.

पार्बताबाई : तुमाले नसन भाऊ. मले हाये. मी आजच ऐकलं.

किसनराव : भाकर दे.

पार्बताबाई : हे घ्या. ठेचा हाये, कांदा हाये. मिस्त्री, तुमीबी घ्या. हात नोका धुऊ, पुसा फडक्याले. घ्या इकडून.

देवमन : अर्धीच द्या.

पार्बताबाई : अख्खी घ्या. तीन आनल्या हायेत, मी पयलेच मोजून आनल्या.

किसनराव : देवमन.

देवमन : हं.

किसनराव : पट्टी कवा मारतो?

देवमन : उद्या सकाळी. आज रेडिएटर भिजू घालतो. परवा बैल पाठवा.

किसनराव : लगनानंतर मोटर इकडंच आनून टाकतो. चाकं, दिवे, जे कामाचं असन ते तू ठेवून घे. कोंबड्याईले नाई ठेवत. आन घरी ठेवली तं मी रोज पुसत बसीन.

देवमन : तेव्हाचं तेव्हा पाहू. ठेचा झणझणीत आहे वयनी.

किसनराव : आन ऐक. ते नाल्याचं.

देवमन : म्हटलं ना, मी उभा राहतो तठी.

किसनराव : नाई. नाल्यावर मोटर थांबवता येनार नाई मले. पुढं चढ हाये. थांबली का बंद पडन. तू मांडवातूनच बस, माह्या बाजूले.

देवमन : किसनभाऊ, नाल्यावर चढ कुठी आहे? दोन्हीकडून सपाट रस्ता आहे.

किसनराव : हाव. तवाबी सपाटच होता.